‘घेऊ नका’ म्हणणारं दुकान

गिऱ्हाइकाशी इतकं फटकून बोलून इतका कपडा विकणारा माणूस साकोलीच्या बाजारात माझ्या धाकट्या मामांशिवाय दुसरा झाला नाही. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामाही मी दुकानात शिरलो की रीतसर वाकत आणि उठता उठता विचारत, "हा शर्ट कोन्या गाढवानं विकला तुले?"

आयुष्यभर त्यांनी सायकलवर गठ्ठे लादून गावोगावचे आठवडी बाजार केले. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास गुडघ्यांनी जवाब दिला, तेव्हा सडकेवर पक्कं दुकान थाटलं. ते चाललं नाही तर पुन्हा सायकल, आणि सायकल आता झेपणारी नव्हती. तरी स्वभाव काही बदलला नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर निळ्या शाईत मामांचं बोलणं: "याचा रंग जाते. मंग भांडाले येऊ नका." "हे लुगडं दिसाले बेस, नेसाले जड." एकदा एका बाईनं मुलीच्या लग्नासाठी भारी शालू पसंत केला, तर मामांनी तो तिच्या हातातून काढूनच घेतला. "एक दिस नेसन, मंग पेटीत सडन. सुती ने." बाई फणकारून गेली आणि पुढच्या बाजारी दोन्ही जावांना घेऊन आली.

मग दिवाळीच्या तोंडावर नागपूरचा जावई आला. त्यानं पुठ्ठे पाहून कपाळाला हात लावला, सगळे काढून टाकले आणि पेंटरकडून झोकदार पाटी करून आणली: ‘सुस्वागतम्. ग्राहकांच्या चरणी आमची विनम्र सेवा.’ जगात कोणालाही न जुमानणारे मामा जावयाचा शब्द मात्र मोडत नसत. पाटी दारावर चढली.

बाजाराचा दिवस उजाडला. लोक येत, पाटी वाचत, आत न डोकावताच पुढच्या दुकानाकडे वळत. मामा रिकाम्या दुकानात गादीवर बसून गुडघे चोळत होते. दुपारी मामी एकोडी गावच्या चार बायका घेऊन तरातरा आल्या. बायका तोंडाला पदर लावून थेट घरी पोहोचल्या होत्या. "भाऊ गेले, अन् आमाले सांगतलं बी नाही, वैनी?"

गादीवर मामांना पाहून त्या दचकल्याच.

"कोन म्हनते मी गेलो?"

"पाटी वाचली ना बाप्पा. तुमी असते तं असं गोड लिवू देले असते का?"

जावई कोपऱ्यात पांढराफटक. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, पाटीला हात लावला नाही, फक्त खाली एक पुठ्ठा टांगला: "वरची पाटी जावयाची हाय. दुकान माह्यं हाय. मी जिता हाओ. आत या." संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कापड फाडून देता देता जावयाचे हात भरून आले. सायकल मामांनी पुन्हा कधी काढली नाही.

मामांनंतर दुकान जावयानंच सांभाळलं. पुठ्ठेही तोच लिहितो, मामांच्याच बोलीत. मागच्या खेपेला वाचलं: "ही चादर पातळ हाय. कृपया थंडीसाठी नेऊ नका." लिहिलं होतं अगदी खरं, लोकही हसत वाचत होते. पण त्या ‘कृपया’पाशी मी अडखळलो. मामांनी तो शब्द कधी लिहिला नसता.