बागेतला धुळाजी

अंजनाला पहिल्यापासूनच ते पसंत नव्हतं. पाटोद्याजवळ मोहनरावांनी बंगल्यासमोर बाग केली, हिरवळ लावली, कारंजं बसवलं. मग त्यांना वाटलं, बागेत एक मेंढपाळ पाहिजे, खांद्यावर कोकरू घेतलेला. खरे मेंढपाळ दारावरून गेले की यांची कुत्री अंगावर धावतात, ते सोडा. अंबाजोगाईहून त्रिंबक नावाचा मूर्तिकार आला. त्यानं सळ्या वाकवून सांगाडा केला, जाळी गुंडाळली, वर सिमेंट थापलं. चेहऱ्यासाठी त्याला समोर खरा माणूस हवा होता. तेवढ्यात अंजनाचा नवरा धुळाजी मेंढरं घेऊन चालला होता. झालं!

"जित्या मानसाचा पुतळा करत न्हाईत," अंजना त्याला म्हणाली. "कावून हुबं ऱ्हायलात?"

"लई भारी करायलाय गं," धुळाजी हसला. "नाक तर माझ्याहून बेस हाय."

पुतळा हुबेहूब झाला, तीच तर भीती. डाव्या भुवईवरची खोकसुद्धा त्रिंबकनं सोडली नाही. धुळाजी जाता-येता कुंपणावरून स्वतःला बघून घ्यायचा. अंजना मात्र मान खाली घालून जायची.

पुढं तो भावाबरोबर मेंढरं घेऊन गोदावरीकाठच्या रानांकडं गेला. रोज संध्याकाळी फोन यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला नाही. सकाळी तिनं लावला, तर बंद. दुपारीही बंद. पोळ्या लाटता लाटता तिच्या मनात नको नको ते येऊ लागलं. ट्रक, विहिरी, साप. फोन यापूर्वीही बंद पडले होते, हे तिला ठाऊक होतं. पण यापूर्वी पुतळा नव्हता.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन ती मोहनरावांच्या बायकोला, विमलबाईंना, सोनं द्यायला निघाली. फाटकातून आत शिरली, बघते तर पुतळ्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

हातातली पानं गळून पडली. यांना कळलंय, तिला वाटलं. सगळ्यांना कळलंय, मलाच कुणी सांगितलं नाही.

"अगं, अशी कावून हुबी?" विमलबाई बाहेर आल्या. "गाडीला घातला, पाण्याच्या मोटारीला घातला. एक हार उरला, म्हनलं याला तरी कशाला मोकळं ठेवायचं?"

"बाई, मानसाच्या फोटूला हार कवा घालत्यात?"

विमलबाईंनी जीभ चावली. त्या पुढं व्हायच्या आत अंजनानं हार ओढून तोडला. फुलं हिरवळीवर विखुरली. तरी समोर पुतळा आपला कोकरू घेऊन गप्प उभा. तिला भयंकर राग आला. मेलेल्या माणसाशी कुणी भांडत नसतं, भांडण होतं ते जित्याशीच. तिनं भांडायला सुरुवात केली.

"एक फोन कराया काय हुतंय तुमाला? हितं जीव चाललाय माजा! मेंढरं तेवढी दिसत्यात, बायकू दिसत न्हाई!"

कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं ओरडतच उचलला.

"चार्जिंग संपलतं," धुळाजी म्हणाला. "आत्ता हाटेलात लावलाय. कुनावर वरडायलीस?"

"तुमच्यावर!"

"मी तर आत्ता बोलायलोय."

"बागंतल्या तुमच्यावर!"

धुळाजीनं हळूच विचारलं, "मंग? काय म्हनला त्यो?"

"काय म्हननार? तुमच्यावानीच. गप ऐकून घेतलं," अंजना म्हणाली, आणि त्याच्या सिमेंटच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली.