एफ्राइमकाकांची मोकळीक

एफ्राइमकाका आमच्या मळ्यावर चर खणायचे. पोटोमॅक नदीकाठच्या पाणथळ जमिनीतलं पाणी काढून द्यायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. कंबर वाकली, पण खणलेला चर कधी वाकडा गेला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. थोडी फुशारकी होती, पण कामाला वाघ.

आम्ही सगळे गुलामच, पण दोन मालकांचे. काका जनरल वॉशिंग्टनसाहेबांचे. काकांची बायको टॅबी, मुलगी लेटी आणि सूत कातणारी मी, आम्ही तिघी साहेबांच्या बायकोकडच्या, म्हणजे बाईसाहेबांच्या वारलेल्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतल्या. पाणी एकाच विहिरीचं, खारवलेला मासा एकाच पिंपातला, त्यामुळे हा फरक कुणाच्या ध्यानातही नसायचा. साहेब वारले, मृत्युपत्र वाचलं गेलं, तेव्हा तो कळला. देशाच्या पहिल्या अध्यक्षांनी आपल्या माणसांना मोकळं केलं होतं. आम्हाला सोडायचा हक्क त्यांनाही नव्हता, म्हणे. एवढं युद्ध जिंकलेला माणूस, आणि इथे म्हणे त्याचं काही चालेना. मला याचा अजून राग येतो.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी काका मोकळे झाले. बरेच जण निघून गेले. काका खणतच राहिले, आता मजुरीवर.

"जा की रे कुठंतरी," टॅबी म्हणाली. "घरी बसून मोकळेपणाचं काय लोणचं घालणारेस?"

"लोणचं घालायलाही तूच लागशील ना," काका म्हणाले.

दीड वर्षानं बाईसाहेबही गेल्या. आम्हाला त्यांच्या चार नातवंडांत वाटायचं ठरलं. काका धुतलेला सदरा घालून कारभाऱ्याकडे गेले. मी सूत द्यायला तिथेच उभी होते.

"साहेब, टॅबी आणि लेटीला एकाच घरी द्या."

"ते माझ्या हातात नाही, एफ्राइम."

"मग मलाही वाटणीत घाला. पोरीबरोबर नाहीतर बायकोबरोबर, कुठंही. अजून दहा वर्षं खणेन मी."

कारभारी हसला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तू मोकळा आहेस बाबा. तुला मी कुणाला कसा देऊ?"

 काका टोपी हातात घेऊन परत आले आणि टॅबीला म्हणाले, "नाही घेत मला."

वाटणी झाली. टॅबी आणि मी नदीपलीकडे, बारा वर्षांची लेटी दक्षिणेला, चार दिवसांच्या वाटेवर. दोन्ही गाड्या एकाच सकाळी निघाल्या. लेटीनं आईची बाही धरली होती, ती मीच सोडवली. दुसरं कोण सोडवणार होतं?

काका रस्त्यात मध्येच उभे. आमच्यात हवं तिकडे जाऊ शकणारे ते एकटेच, आणि त्यांना पाऊल उचलवत नव्हतं.

"माझ्याकडं बघू नकोस," टॅबी म्हणाली. "पोरीच्या मागं जा."

"आणि तू?"

"मी समजेन, तू मेलास. तिला मात्र बाप लागेल."

काका लेटीच्या गाडीमागे चालू लागले. टॅबी नदीपलीकडे आणखी अकरा वर्षं जगली. नवऱ्याचं कुणी विचारलं, की विधवा आहे म्हणून सांगायची. मी शेजारीच बसलेली असायचे आणि मान डोलवायचे.