उलट्या नळीतून दिसलेली नदी

इकडं ये गं, अशी जवळ बस. दारात एक पाय ठेवून "आजी, तुमच्याकडं पूर यायचा का?" असं विचारतीस आणि उत्तराच्या आधीच निघतीस. ही काय रीत झाली? बस, सांगते.

निजामाचं राज्य होतं. छावणीच्या खालच्या अंगाला, खाम नदीच्या एका काठावर आमचं घर, समोरच्या काठावर मामाचं. आमच्या घाटाला पायऱ्या जास्त, मामाच्या घाटाला कमी. म्हणून आमचा काठ उंच, असं सगळ्या वस्तीनं ठरवून टाकलेलं. आमच्या पायऱ्या डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या बायांसाठी बुटक्या बांधलेल्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बाबांनी अंगणात पेव खणलं होतं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. आतून कडबा लावायचा, वर्षाची ज्वारी ओतायची, तोंड बुजवून टाकायचं. पाणी शिरलं की सगळं कुजलं. आमचं वर्षाचं खाणं त्या एका खड्ड्यात जाणार होतं.

तेवढ्यात सरकारचे पैमाईशवाले साहेब आले. आदल्या साली वरच्या वस्तीत पाणी शिरलं होतं, तर नदीकाठी कुठवर घरं बांधू द्यायची, हे ठरवायला मापं घेत फिरत होते. लई गोड माणूस. आमच्या अंगणात तीन पायांवर पितळी नळी उभी केली, मामाच्या घराकडं रोखली आणि बाबांना म्हणाले, "दादा, जरा इसमें देखो."

बाबांनी डोळा लावला आणि मागं सरकले. "ह्यात तर सगळं उलटं हाय."

मग मला उचलून दाखवलं. अजून अंगावर काटा येतो. नदी वर, आभाळ खाली, आणि मामा आपल्या उंबऱ्यावर डोकं खाली करून निवांत तंबाखू मळतोय. नदीचा एक थेंब सांडत नव्हता.

साहेबांनी समजावलं. काच उलटं दाखवते, पण नळीतली मधली आडवी तार साचल्या पाण्यासारखी सपाट धरलेली असते. नळी बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तिच्यातली ती तार मामाच्या उंबऱ्याला लागत होती. म्हणजे मामाच्या उंबऱ्याला पाणी टेकेल, तेव्हा आमच्या अंगणात ते बाबांच्या डोळ्यांपर्यंत आलेलं असेल. मी बाबांच्या कमरेएवढी. कोरड्या अंगणात उभी राहून मी श्वास रोखून धरला.

बाबा हसले. "जी नळी माणसाला डोक्यावर उभं करती, तिनं मला खाल-वर शिकवावं व्हय?"

आई पदर सावरून पुढं आली. तिनं बराच वेळ बघितलं. "उलटं दावती, पण वाकडं नाय दावत," ती म्हणाली. "अवं, दाणं भावाच्या घरामागं, चढावरच्या पेवात ठेवू."

"जावयानं ज्वारी सासुरवाडीत पुरायची? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जावई लई हुशार."

बाबा बरेच दिवस घाटाच्या पायऱ्या मोजत राहिले. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच गाडीत पोती चढवली आणि मामाकडं नेली. आमचं पेव रिकामंच राहिलं.

भादव्यात पाऊस थांबेना, तसं पाणी चढायच्या आत बाबांनी आम्हाला मामाकडं हलवलं. दुपारी आम्ही ओट्यावरून बघत होतो. मला वाटलं होतं, पूर धावत अंगावर येतो. हा तर दोन्ही काठांवर सारखाच, हळूहळू चढत गेला. घाट गेला, आमची तुळस गेली, पेव गेलं, खिडक्या गेल्या. मामाच्या ओट्याच्या कडेला, उंबऱ्याच्या जरा खाली येऊन पाणी थांबलं, तेव्हा पलीकडं आमच्या दाराची वरची चौकट तेवढी दिसत होती. अख्खी झाडं वाहून नेणारं पाणी, पण ह्या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणल्यागत सपाट. माझे हात आपोआप जोडले गेले.

बाबा मामाला हळूच म्हणाले, "पाव्हणं, ती तार हितंच कुठंतरी होती न्हवं?"

"मला काय ठावं, दाजी," मामा म्हणाला. "मी तर उलटा होतो."

पाणी उतरलं, ऊन पडलं, मग मामाचं पेव उघडलं. आधी आत दिवा सोडून कोंडलेली हवा विषारी तर नाही ना, ते बघितलं. ज्वारी कोरडी खडखडीत निघाली. आमच्या काठच्या कितीतरी चुली तिच्यावर पेटल्या, आणि सासुरवाडीच्या अंगणात उभं राहून पायली भरभरून देताना बाबांना कुणाचीच लाज वाटली नाही. पुढं त्यांनी घरही मामाच्या शेजारीच बांधलं. जुनी जागा मोकळी सोडली, ती अजून मोकळीच आहे. नदी भरली की पाणी तिथं येऊन बसतं, आणि आपल्या वाटेनं जातं. तुला ते एकदा दाखवायचं आहे. माझे गुडघे अजून तेवढं चालतात. पाऊस आहे तोवर परत ये, लवकर ये गं.