खंडेनवमीचं उरलेलं फूल

नव्वदच्या दशकात मी लॅपटॉप विकायचो. एका खंडेनवमीला कुपवाडच्या फाउंड्रीत गेलो. तिथं ड्रॉइंगच्या खोलीबाहेर चपला काढायची रीत होती. आत टेबलावर मोठ्या पेटीएवढा कॉम्प्युटर होता आणि चाळिशीचा ऑपरेटर त्याला हळदकुंकू लावत होता, की-बोर्डवर एक कण सांडू न देता.

"आता एवढं धूड कशाला?" म्हणत मी लॅपटॉप उघडला.

तो वाद घालत बसला नाही. दसऱ्यानंतर ओतायच्या पंपाच्या ड्रॉइंगची फ्लॉपी त्यानं मला दिली. माझ्या स्क्रीनवर वाळूचं घड्याळ आलं, ते जाईचना. मग तीच फ्लॉपी त्यानं आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातली. पंप सावकाश गोल फिरला. मध्येच थांबवून त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"इथं पंपाची भिंत पातळ हाय. असंच वतलं असतं तर चिरलं असतं."

त्यानं लगेच फोन करून साच्याचं काम थांबवलं.

मी लॅपटॉप मिटला. पूजेच्या ताटात एक झेंडूचं फूल उरलं होतं, ते त्यानं मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवलं.

"नाराज हू नका. ल्हान हाय अजून. वाढंल की."