माईकवरचं 'म्या'

आज लेकीच्या शाळेत पालकसभेला माईक हातात आला आणि जाळीचा तोच गंजका, थुंकीचा वास नाकात शिरला. पाचवीला मी विंझरहून नसरापूरच्या शाळेत आले, तेव्हा नव्या मुलीला आपलं वाटावं म्हणून बाईंनी परिपाठाला मला पुढं माईकसमोर उभं केलं. फरशी रात्रीच्या पावसानं गार होती. "म्या चौथी विंझरला केली," एवढं बोलले आणि अख्खं मैदान हसलं. बाई मायेनंच म्हणाल्या, "'मी' म्हण बाळा, त्याशिवाय सोडणार नाही हं." पण घरी 'मी' म्हटलं की चुलती म्हणायची, "लई शानी झालीस गं!" माईक नुसता माझा श्वास सगळ्यांना ऐकवत राहिला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगी ओरडली, "बाई, म्या पन चौथी वरव्याला केली!" पुन्हा हशा पिकला. ती चेष्टा होती की सोबत, हे तिला विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. आज माईकवर मी अगदी स्वच्छ 'मी' म्हणाले. कुणी हसलं नाही. मागून कुणी ओरडलंही नाही.