धुराडे आलेला फोटो

शनिवारी सकाळी मुलुंडच्या घरातून निघालो तेव्हा एवढेच ठरवले होते, की रविवारी दुपारपर्यंत एक फोटो शोधून माहुलला पोचवायचा. तो फोटो मुळात काढला गेला होता की नाही, हेच मला आठवत नव्हते.

आदल्या संध्याकाळी संगीताचा फोन आला होता. माहुलच्या कोळीवाड्यातल्या हिरामावशींची ही मुलगी. कॉलेजात असताना मी मावशींचा एक फोटो काढला होता आणि त्याची प्रत नेऊन दिली होती. मागे माझा नंबर लिहिला होता, त्यावरून तिने मला गाठले. मावशींचे खळे जायची वेळ आली होती. आमच्याकडे, मंगळवेढ्याच्या बाजूला, खळ्यावर ज्वारी मळतात. माहुलमध्ये खळे म्हणजे जवळा (अगदी बारीक कोळंबी) वाळवायची सारवलेली जागा. नवऱ्याच्या आजारपणात मावशींनी दोन वर्षे जवळा घातलाच नाही आणि तेवढ्यात शेजारचा दत्तू आपले खळे पसरत मावशींच्या दारापर्यंत आला. आता तिथे सिमेंटचा ओटा होणार होता. ज्याची जागा पूर्वी जिथे असेल, तिथेच त्याला वाटा मिळणार होता. रविवारी गावची बैठक होती आणि पुरावा असेल तर घेऊन या, असे पाटलांनी सांगितले होते. घरातल्या फोटोत मावशींचा चेहरा आणि मागे नुसते आभाळ. "तुम्ही तेव्हा लय फोटू काढलेले ना," संगीता म्हणाली. "एकात तरी खळं असंलच."

पहिला मुक्काम विक्रोळीला, मामाच्या खोलीवर. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, तो या खोलीत राहून झालो. मोरीला लागून एक फळी होती, तिच्याखाली माझी पुस्तके आणि अंथरूण. कॅमेराही मामाचाच. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कारखान्यात मिळालेला. त्याने तो खोक्यातून न काढताच माझ्या हातात ठेवला होता. दर रविवारी मी तो गळ्यात अडकवून निघायचो. कधी दहिसरची नदी, कधी विक्रोळीचे कांदळवन (खाडीकाठच्या खारट चिखलातले जंगल), कधी माहुल.

मामीने पोहे पुढे ठेवले आणि मामाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून माझ्या जुन्या सीड्या काढल्या. एकही टाकली नव्हती. त्याच्या जुन्या संगणकावर आम्ही एकेक बघत बसलो. दहिसरच्या नदीवर वाकलेले झाड. कांदळवनातला बगळा. माहुलच्या होड्या, जाळी, मावशींचे हसणे. चित्रे सुंदर होती आणि आमच्या कामाला एकही उपयोगी नव्हते. नदीच्या फोटोत नाला नव्हता, बगळ्याच्या मागे मामा काम करायचा तो कारखाना नव्हता आणि माहुलच्या एकाही फोटोत तेलाच्या टाक्या किंवा धुराडे नव्हते. जागा ओळखावी अशी प्रत्येक खूण मी कटाक्षाने बाहेर ठेवली होती.

मामा हसला. "तू तर मुंबईचं कोकण करून टाकलं होतंस रे."

कारण मला ठाऊक होते. हे फोटो गावाकडे आईला पाठवण्यासाठी असायचे. मुंबईत पोरगा धूर खातो, या काळजीने तिला झोप लागत नसे. म्हणून मी गुडघ्यावर बसून, तिरपा होऊन, कधी चिखलात उतरून धूर टाळायचो.

डब्यातल्या शेवटच्या सीडीत एक फोटो निघाला. तो मी काढलेलाच नव्हता. त्यात मीच होतो, एकवीस वर्षांचा, उन्हाने डोळे बारीक केलेला. सगळे चित्र डावीकडे कललेले आणि माझ्या डोक्यातून देवळाचा कळस, कळसातून पांढरे-तांबडे धुराडे उगवलेले, बाजूला दिव्याचा खांब एका गोल टाकीच्या कडेला टेकलेला. मग आठवले. मावशींनी कॅमेरा हिसकावून घेतला होता. "सगल्यांचे फोटू काढतंस, तुजा कोन काढतो? उभा ऱ्हा थितं." माझ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत जवळा पसरलेला होता. मावशी आपल्या दाराशी होत्या आणि मी खळ्याच्या पलीकडच्या कडेला.

फोटो मोठा करून घ्यायला घाटकोपरला स्टुडिओत गेलो आणि तासाभराने पाकीट उघडले, तर कळसावर नुसते निळे आभाळ. "सर, वाकडा होता, सरळ करून दिला," दुकानदार म्हणाला. "ते धुराडं पण काढलं." मी त्याला समजावून पुन्हा छापायला लावले. अशा वाईट फोटोसाठी एवढा हट्ट धरणारे गिऱ्हाईक त्याने बहुधा पाहिले नसावे.

रविवारी चेंबूरहून रिक्षा केली. माहुल जवळ आले, की आधी तेलाचा उग्र वास येतो आणि पुढच्याच वळणावर सुकटीचा. हिरामावशी थकल्या होत्या, पण आवाज तसाच. "जाड झालास," हे पहिले वाक्य. फोटो बघायच्या आधी त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायला लावली. मग फोटो हातात घेतला आणि त्यातल्या जवळ्यावरून बोट फिरवले.

बैठकीत दत्तूने फोटोवर एकदाच नजर टाकली. "खली सगली सारकीच दिसतात. ह्यो माज्या खल्याचा पन असंल."

पाटील सत्तरीचे, जन्मभर डोल (खाडीत खांबांना बांधून ठेवायचे मोठे जाळे) लावलेले. त्यांनी फोटो उन्हात धरला आणि दत्तूला विचारले, "भर पान्यात तुजी डोल कुटं हाय, ती तुला कशी सापडते?"

"खुना जुलवून," दत्तू म्हणाला.

पाण्यात पाटी लावता येत नाही. म्हणून इथले कोळी किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकीमागे एक आल्या की एक रेघ धरतात, दुसऱ्या दोन वस्तूंवरून दुसरी रेघ. दोन्ही जिथे मिळतात तिथे जाळे. पाटील फोटो घेऊन खळ्याकडे चालू लागले, मागून सगळी बैठक. धुराडे फोटोतल्यासारखे देवळाच्या कळसावर बसेपर्यंत ते बाजूला सरकत गेले. मग धक्क्यावरचा दिव्याचा खांब गोल टाकीच्या कडेला टेकेपर्यंत चार पावले मागे आले. मागे मावशींचे दार होते. पाटलांनी तिथे काठी रोवली.

"हिरा हितं उभी व्हती. पोरा, तू जा फोटूतल्या जागेवर."

ते हाताने मला इकडे-तिकडे, पुढे-मागे करत राहिले. कळस आणि धुराडे फोटोतल्यासारखे माझ्या डोक्यावर टेकले तेव्हा म्हणाले, "बस." त्यांची काठी आणि माझे पाय, यांच्यामध्ये दत्तूचा जवळा वाळत होता.

दत्तू वाद न घालता खराटा आणून आपला जवळा पलीकडे लोटू लागला. मावशीही दुसरा खराटा घेऊन त्याच्या मदतीला वाकल्या. संगीताने जागेच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

निघताना मी कॅमेरा काढला. सवयीने गुडघ्यावर बसायला गेलो, तसा मावशींचा आवाज आला, "सरल उभा ऱ्हा. धुराडं येऊ दे."

परतीच्या बसमध्ये बसल्यावर, घाटकोपर यायच्या आत, मी एक निश्चय केला. त्या सगळ्या जागी पुन्हा जायचे आणि जे दिसते ते घ्यायचे. दहिसरची नदी नाल्यासकट घ्यायची. माझे शिक्षण ज्या कारखान्याच्या पगारावर झाले, त्याला मी बगळ्यापायी चित्राबाहेर काढले होते. तोही घ्यायचा. हे कुणाला दाखवायचे झाले तर आधी आईला, म्हणून तो जुना वाकडा फोटो मी तिच्या मोबाइलवर पाठवला.

मुलुंडला उतरलो तेव्हा तिचा फोन आला.

"एवढं मोठं धुराडं इतकी वर्सं लपवून ठिवलंस व्हय?" ती म्हणाली. "अरे, दिवाळीला आलास की तुझ्या काळ्या झालेल्या कॉलरी कोण धूत हुतं?"