गाठोड्यावर बसलेला म्हातारा

प्रसेनजीत चहा बशीतूनच प्यायचा. बोलायच्या आधी समोरच्याजवळ जमिनीवर बसायचा. बेघरांच्या निवाऱ्यात नवीन माणूस आला की नाव नंतर, आधी "पावणं, जेवलासा काय?"

तो तिथला काळजीवाहक, माझा शाळेपासूनचा मित्र. गाव विसरलेल्यांची घरं तो त्यांच्या बोलण्यावरून शोधायचा. एक म्हातारा सारखा काजूच्या बोंडांबद्दल बोलायचा. काजूच्या बागा आजऱ्याकडं, म्हणून प्रसेनजीतनं तिकडच्या सरपंचांना एकेक करून फोन लावले. शेवटी म्हाताऱ्याचा मुलगा सापडला.

"आमचा बा कवाच मेला की," मुलगा फोनवर म्हणाला. "बाराव्याचं जेवण बी घातलंय. आता गावाला काय सांगू?"

म्हाताऱ्याला एवढंच कळलं होतं, की पोरगा सापडला. त्यानं गाठोडं बांधलं.

"उद्या सांगतो त्याला," प्रसेनजीत मला म्हणाला. सकाळी कामावर येताना ट्रकनं त्याची दुचाकी उडवली. तो जागीच गेला.

आज मी त्याचा तिथं राहिलेला डबा आणायला निवाऱ्यात गेलो. म्हातारा दारात गाठोड्यावर बसला होता.

"पोरगं कवा येतंय म्हणला तुझा दोस्त?"

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. पोरगा येणार नाही, हे प्रसेनजीतचं सांगायचं राहिलं होतं. माझ्याच्यानंही सांगवलं नाही.